तिसरं रीडिंग

सरांनी फळ्यावर तीन-तीन आकड्यांच्या ओळी लिहायला घेतल्या तेव्हा मी वहीत तारीख टाकत होते. चौथी ओळ लिहून झाली आणि माझ्या लक्षात आलं, हे आकडे आपल्या ओळखीचे आहेत.

तास संख्याशास्त्राचा होता. आकडे ब्लडप्रेशरचे होते, आमच्याच वर्गाने महिन्यापूर्वी घिवली गावात घरोघर जाऊन घेतलेले. प्रत्येक माणसाचं प्रेशर तीनदा मोजायचं आणि दर वेळी मध्ये पाच मिनिटं थांबायचं, असा नियम होता. सरांनी फळ्यावर कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, फक्त विद्यार्थ्यांचे कोड होते. चार, अकरा, वीस. अकरा म्हणजे मी.

"ह्या तिघांच्या आकड्यांत काही दिसतंय का?" सरांनी विचारलं.

कुणाला काही दिसेना. मला दिसत होतं, कारण मीच ते लिहिले होते.

"अकराचं बघा. एकशे अडतीस, एकशे तीस, आणि तिसरा एकशे चौतीस. खाली या. एकशे बावीस, एकशे अठ्ठावीस, तिसरा एकशे सव्वीस. अजून खाली या. तिसरा आकडा जवळजवळ दर वेळी पहिल्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो."

"मग चांगलंच काम केलंय की सर त्याने," मागून एकजण म्हणाला. "किती व्यवस्थित."

"हो ना, फारच व्यवस्थित," सर म्हणाले. "पण माणसाचं शरीर इतकं समजूतदार नसतं. तिसरं रीडिंग कधी दोन्हींच्या वर जातं, कधी दोन्हींच्या खाली. ते दर वेळी मध्येच पडत असेल तर मशीनवर आलेलं नसणार. कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार."

वर्ग हसला. मीही हसले, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. सरांनी फळा पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला. अकरा कोण हे त्यांनी विचारलं नाही, कुणाकडे रोखून बघितलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं नंतरचे बारा दिवस मला वाटत राहिलं.

बारा दिवसांनी आमच्या मुलाखती होत्या.

आमचं कॉलेज पालघरला आहे, लहानसं. पदवी चार वर्षांची. पहिली दोन वर्षं सगळ्यांनी सगळं शिकायचं. सकाळी इतिहास, मग नाटक, दुपारी रसायनाची लॅब, संध्याकाळी तत्त्वज्ञान. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आपला मुख्य विषय ठरतो. त्यातला एक विषय प्री-मेडिकल. हे घरी समजावता समजावता माझी दमछाक झाली. मी बोईसरजवळ सरावलीला मामांकडे राहते. तिथल्या चाळीत मामा सगळ्यांना सांगत सुटले होते, भाची डॉक्टर होतेय. मी म्हणायचे, "मामा, डॉक्टर व्हायला वेगळी परीक्षा द्यावी लागते. ह्यात शरीर शिकवतात, औषधं शिकवतात, आजारी माणसाशी बोलायचं कसं ते शिकवतात. पुढे कुणी डॉक्टरकीची परीक्षा देतं, कुणी आरोग्याच्या दुसऱ्या कामात जातं." मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "म्हणजे डॉक्टरच."

लॅब लहान, म्हणून ह्या विषयाला बाराच जागा. मार्क, घिवलीची नोंदवही आणि मुलाखत, ह्या तिन्हींवर त्या ठरणार होत्या. माझ्या वर्गातल्या मुलांकडे दुसऱ्या पसंतीचा विषय होता, तिसऱ्याही. मी फॉर्मवर तिन्ही पसंतींसमोर प्री-मेडिकलच लिहिलं होतं आणि ऑफिसमधल्या बाईंनी फॉर्म परत दिला होता. "असं नसतं गं," त्या म्हणाल्या होत्या. मग दुसऱ्या पसंतीला मी इतिहास लिहिला, तिसऱ्या ठिकाणी काय लिहिलं ते आता आठवतही नाही.

वर्गातली मुलं मला ताई म्हणतात. मी त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी आहे. आमचं गाव हिंगोलीकडचं. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून नववीत माझी शाळा सुटली. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताप रोज येतो की दिवसाआड?" आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी मोजलंच नव्हतं. आई पुढे बरी झाली, शाळा राहिली ती राहिली. एकोणिसाव्या वर्षी मामा-मामींच्या मागे मी बोईसरला आले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले.

त्या कंपनीचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याने तसं वाटणार नाही. तिथल्या लॅबमधल्या मॅडमनी एकदा मला रद्दीतल्या लेबलांवरची औषधांची नावं वहीत उतरवताना पाहिलं आणि विचारलं, "शिकायचंय का?" सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, मग मुक्त विद्यालयातून बारावी सायन्स, सगळं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून करून घेतलं. ह्या कॉलेजची जाहिरातही त्यांनीच दाखवली. माझी फी माफ झाली ती त्यांनी लिहिलेल्या पत्रामुळे. मुलाखतीच्या आधी रोज त्यांचा मेसेज यायचा, "झोप नीट घे. तू होणारच." तो वाचून माझी झोप उडायची.

त्याच कंपनीत मी रकाने भरायला शिकले.

पॅकिंग हॉलच्या भिंतीवर तापमानाचं मीटर होतं. दर तासाला ते बघून लॉगशीटवर आकडा लिहायचा आणि सही करायची. लाइन चालू असताना दर तासाला उठणार कोण? चहाच्या वेळी मागचे चार तास एकदम भरले जायचे. रकाना रिकामा दिसला तर ऑफिसातून माणूस यायचा, आकडा दिसला की कुणी यायचं नाही. माझ्या शेजारी यूपीची एक भाभी बसायची. पहिल्या आठवड्यात मी चारही तासांना चोवीस-चोवीस लिहिलं. तिने कागद ओढून घेतला.

"सब एक जैसा लिखेगी? थोड़ा ऊपर-नीचे कर. तेईस आठ, चौबीस एक. नहीं तो दिखेगा ना बैठके भरा है."

"पण भाभी, बघितलं तर पाहिजे ना?"

"एसी है, भागेगा कहाँ?"

मी शिकले, चांगलीच शिकले. माझं अक्षर बरं, म्हणून तपासणी आली की शीट माझ्याकडून लिहून घ्यायचे. रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम आणि भरलेला रकाना म्हणजे झालेलं काम, हे चार वर्षांत हातात इतकं मुरलं की ते चूक की बरोबर हा प्रश्नच उरला नाही.

घिवलीला त्या दिवशी मला सोळा माणसं दिली होती. समुद्राकाठचं गाव, घरांच्या मध्ये बांबूंवर बोंबील सुकत घातलेले. अणुऊर्जा केंद्र जवळ, त्यामुळे कागद घेऊन येणाऱ्यांची तिथे सवय आहे. दाराशी गेलं की पहिला प्रश्न, "प्लँटवाल्यांनी धाडलाय का?" नाही म्हटलं की जरा सैल व्हायचे. पहिलं रीडिंग सगळे द्यायचे. दुसरंही द्यायचे. तिसऱ्याच्या आधीची पाच मिनिटं कुणाला धरवत नव्हती. मासे उन्हात, नातवंड रडतंय, गॅसवर काहीतरी आहे.

एका अंगणात सत्तरीच्या एक मावशी होत्या. दुसऱ्या रीडिंगनंतर त्यांनी स्वतःच दंडावरचा पट्टा सोडवला.

"मावशी, अजून एकदा. पाच मिनिटांनी."

"दोनदा मोजला ना? तिसऱ्यांदा काय वेगला येनार हाय?"

"नियम आहे तसा."

"तुजा नेम तुज्यापाशी. माजं बोंबील कोन परतनार?" आणि त्या उठून गेल्या.

सोळांपैकी नऊ जणांचं असं झालं. बसमध्ये बसले तेव्हा मांडीवरच्या नोंदवहीत नऊ चौकोन रिकामे होते. बोईसर येईपर्यंत ते भरले. त्यात कसला निर्णय नव्हता, खरं सांगते. केस बांधावे तसा हात चालला. पहिले दोन आकडे बघायचे, मधला एखादा शोभेलसा घ्यायचा, सगळे अगदी बरोबर मध्ये नकोत म्हणून एक-दोन अंक इकडेतिकडे करायचे. मावशींच्या नावासमोर मी एकशे चौतीस लिहिलं. घरी जाऊन मामींना म्हटलं, आजचं काम छान झालं.

तर फळ्यावर ते आकडे दिसेपर्यंत मला हे पाप वाटलंच नव्हतं. दिसले आणि मी दिवस मोजायला लागले.

पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, सरांना नाव माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं, कोड आणि नावांची यादी जीवशास्त्राच्या मॅडमच्या कपाटात आहे आणि मॅडम मुलाखतीला असणार. तिसऱ्या दिवशी वाटलं, माहीत असून ते गप्प आहेत, मुलाखतीत सगळ्यांसमोर काढतील. सर कॉरिडॉरमध्ये दिसले की मी पाण्याच्या कूलरकडे वळायचे. त्या आठवड्यात इतकं पाणी प्यायले की मैत्रीण म्हणाली, "ताई, किडनीचा धडा प्रॅक्टिकलने करतेस का?"

त्यातच इतिहासाच्या तासाला मॅडमनी एक जुना सरकारी तक्ता वाचायला दिला, ह्याच भागातल्या गावांचा. गुरं किती, विहिरी किती, तापाने आजारी किती. मॅडम म्हणाल्या, "आकडा वाचण्याआधी विचारा, हा भरणारा माणूस कुठे बसला होता? गावात बसला होता, की तालुक्याच्या कचेरीत?" मी खाली मान घालून समास आखत बसले. मला वाटलं, सगळं कॉलेज माझ्याशी बोलतंय, फक्त माझं नाव घेत नाहीये.

शेवटी मी भाभीला सांगितलं. ती आमच्याच चाळीत राहते, अजून त्याच लाइनवर आहे. ती दारात तांदूळ निवडत होती.

"नौ खाने?" ती हसली. "बस? अरे हम लोग तो सालभर भरे हैं. किसी को कुछ हुआ?"

"ते खोलीचं तापमान होतं भाभी. हे माणसाचं आहे."

"तो माणूस मर गया क्या?"

"नाही."

"तो? चुप रह. दो साल पढ़ी है, नौ खाने के लिए फेंकेगी?"

ती पुन्हा तांदळाकडे वळली आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "और उधर भी किसको पता, हुआ कि नहीं हुआ. गोली तो बाहर जाती है." मग ताट उचलून आत गेली.

तिचं पहिलं बोलणं मी विसरू शकले असते. दुसरं विसरता येईना.

मुलाखतीला तीन दिवस होते. रविवार होता. मी कॉलेजातून सरावाच्या नावाने मशीन घेतलं होतं. मनात बेत असा की घिवलीला जायचं, नऊही जणांचं खरंखुरं तिसरं रीडिंग घ्यायचं आणि नोंदवही तपासायला मागून घेऊन आकडे बदलायचे. म्हणजे खोटं काही उरणार नाही आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही. बसमध्ये मला जवळजवळ हलकं वाटत होतं.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. सून आत भांडी घासत होती.

"परत का गो आलीस?"

"एक मोजायचं राहिलं होतं मावशी."

"कोन्चा राहिला?"

"तिसरं. त्या दिवशी तुम्ही उठून गेलात ना."

मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. त्यांनी गुंडाळू दिला. मी बटणावर बोट ठेवलं होतं आणि त्या सहज म्हणाल्या, "पन तवाचा तिसरा आता कसा घेशील? तवा मी उन्हातनं आल्ती, सकाल होती. आता तर जेवून बसलेय."

माझं बोट तिथेच राहिलं. ही गोष्ट संख्याशास्त्राच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी परीक्षेत लिहिलीही होती आणि तिला मार्क मिळाले होते. तरी एका बसच्या तिकिटात मी महिनाभरापूर्वीची सकाळ परत आणायला निघाले होते.

"काय झाला? बंद पडला काय?"

"नाही मावशी." मी पट्ट्याकडे बघत बोलले. "मी तुमचं तिसरं मनानेच लिहिलं होतं. बसमध्ये बसून."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"मनानं?"

"हो."

"किती लिवलंस?"

"एकशे चौतीस."

"नि ते बरा की वाईट?"

"मधलं आहे. फार नाही."

"कुनाला इचारून?"

मावशींनी सुनेला हाक मारली. "ऐकलंस काय गो? ही बसमधी बसून माजा दाब मोजते. हातपन लावाया नको. लय मोठी डाक्टरीन हाय."

सून दारात येऊन उभी राहिली. हसू दाबत होती, पण चेहरा चांगला नव्हता. "तरी मी म्हनत होती, ह्या पोरी कायपन लिवतात."

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलीस ते खरा. पन माज्यापुढं बोलून काय? कागद काय माज्याकडं हाय?"

त्यांनी पट्ट्याचं टोक धरून तो टरकन सोडवला आणि माझ्या हातात दिला.

"आजचं तरी घेऊ का? तुमच्यासाठी. कागदावर नाही लिहिणार."

"नाय. आता नाय. तुजा भरवसा काय? उद्या आनखी काय लिवशील."

मी मशीन पिशवीत घातलं. कुणी पाणी विचारलं नाही. बाकीच्या आठ घरी मी गेलेच नाही. बसस्टॉपवर उभी राहून मी हिशेब करत होते: मावशींना कॉलेज माहीत नाही, कॉलेजला मावशी माहीत नाहीत, सरांनी अजून काही विचारलेलं नाही. गप्प राहिलं तर बहुतेक निभावेल. आणि बोललं तर ती जागा गेली. पण मावशींचं ते "कागद काय माज्याकडं हाय?" डोक्यातून जाईना.

मावशींनी त्या दिवशी पुन्हा हात पुढे केला असता तर मी पुढे काय केलं असतं, ह्याचं उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही. कदाचित नवा आकडा घेऊन आले असते आणि गप्प बसले असते.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये जीवशास्त्राच्या मॅडम, एका बाजूला संख्याशास्त्राचे सर, दुसऱ्या बाजूला इतिहासाच्या मॅडम, कारण आमच्याकडे एक परीक्षक दुसऱ्या शाखेचा असतो. माझी फाइल मॅडमच्या पुढ्यात होती. वर कंपनीतल्या लॅबवाल्या मॅडमचं पत्र होतं, घडीवरून मी ते ओळखलं.

"बस. सांग, प्री-मेडिकलच का?" जीवशास्त्राच्या मॅडमनी विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर मी मोरीत उभी राहून पन्नासदा म्हटलं होतं. ते ओठावर आलं. मी ते तसंच गिळलं.

"मॅडम, आधी एक सांगायचंय. घिवलीची अकरा नंबरची नोंदवही माझी आहे. त्यातली नऊ तिसरी रीडिंगं मी घेतलेली नाहीत. भरलेली आहेत."

सरांनी चष्मा काढला. "अकरा कोण ते मी मुद्दाम बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "आज संध्याकाळी बघणार होतो."

जीवशास्त्राच्या मॅडमनी फाइल मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या पहिल्या वर्षी त्या रोज अर्धा तास थांबून मला रसायनाची समीकरणं शिकवायच्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी टेबलाच्या कडेकडे.

इतिहासाच्या मॅडमनी विचारलं, "कुठे बसून भरलेस?"

"एस.टी.त. घिवलीहून बोईसरला येताना. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर."

"आकडा कसा ठरवलास?"

"आधीचे दोन बघून त्यांच्यामधला. तो शोभेल असं वाटलं."

"शोभेल," त्यांनी लिहून घेतलं. "हे शिकलीस कुठे?"

मी कंपनीचं सांगितलं. मीटरचं, चार तास एकदम भरण्याचं. भाभीचा उल्लेख केला नाही. कंपनीवर ढकलतेय असं वाटू नये म्हणून म्हणाले, "तिथे मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आणि इथे तर मुळीच नाही."

"त्यातल्या कुणाचं प्रेशर खरंच जास्त असेल तर?" जीवशास्त्राच्या मॅडमनी विचारलं. "तुझ्या मधल्या आकड्याने त्याची सरासरी नॉर्मल दिसली तर? आपण त्या माणसाला सांगणार, तुम्ही ठीक आहात."

"हो मॅडम."

"विचार केला होतास?"

"बसमध्ये नाही केला. नंतर केला. रविवारी परत गेले होते, एका मावशींचं मोजायला. त्यांनी हात दिला नाही."

"का?"

"म्हणाल्या, तुझा भरवसा काय."

बाहेर पुढच्या मुलाची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "नऊ नावांची यादी आज देऊन जा," आणि मुलाखत चालू राहिली. मूत्रपिंडावर दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर आलं. प्री-मेडिकलच का, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी बोर्डावर यादी लागली. बारा नावं. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर, मग शिपायाने दार उघडायला मला बाजूला व्हायला सांगितलं.

दुपारी जीवशास्त्राच्या मॅडमनी बोलावलं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या.

"ह्या सहामाहीत नाही. बाकीचे विषय चालू ठेव. फीमाफीला आम्ही हात लावलेला नाही. घिवलीचं काम पहिल्यापासून करायचं, आणि त्याआधी नऊ घरी जाऊन सांगायचं की तुमचा एक आकडा खोटा होता. त्यांनी परवानगी दिली तरच मोजायचं, नाही दिली तर तेच लिहायचं. त्यानंतर पुन्हा मुलाखत घेऊ. जागा असेल असं मी वचन देत नाही."

"हो मॅडम."

"आणि त्या मॅडमना, ज्यांनी पत्र लिहिलंय, तू स्वतः सांग. माझ्याकडून कळायला नको."

ते मी संध्याकाळवर ढकललं. आधी आईला फोन लावला. ती सकाळपासून वाट बघत असणार, कारण पहिल्याच रिंगला उचलला.

"घेतलं का तुला?"

"आत्ता नाही घेतलं आई. सहा महिन्यांनी परत विचारणार आहेत."

"काय चुकलं बाई?"

मी कॉलेजच्या पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं, मशीन, बस, मावशी. तिला किती कळलं माहीत नाही. मध्ये एकदाच तिने विचारलं, "त्या बाईचं खरं किती निघालं मग?" मी म्हणाले, अजून माहीत नाही. मग मला वाटलं रेंज गेली.

"आई?"

"त्या लोकांनी तुला घरी जा म्हणलं का?"

"नाही."

"नक्की नाही ना? नीट ऐकलंस?"

"तसं नाही म्हणाले. बाकीचे तास चालू ठेव म्हणाले."

"मग तिथंच बस," आई म्हणाली. "उठू नको."

दोन वाजता संख्याशास्त्राचा तास होता. मी फोन बंद केला आणि आत गेले.